चोरटा श्वास

आमच्या मैदानावर एक वाक्य बोलायला बंदी होती. ‘दम लागला’ असं जी म्हणेल तिला मैदानाला आणखी पाच फेऱ्या. त्यामुळे पहिल्या महिन्यातच आम्ही सगळ्या ते वाक्य विसरून गेलो. वेणी सुटलीय, डोळ्यात माती गेलीय, पायात काटा मोडलाय, काहीही सांगायचो, पण दम लागला असं नाही. आवटी सरांना सगळं कळत असणार. ते गालात हसायचे आणि वेणी घालायला एक मिनिट द्यायचे.

ही गोष्ट २०१७ची, म्हणजे आता एक्केचाळीस वर्षं झाली. इचलकरंजीत एका सायझिंगच्या मागे उगवती क्रीडा मंडळाचं मैदान होतं. सायझिंग म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना. दुपारभर तिथून शिजलेल्या खळीचा वास यायचा आणि पाचच्या सुमारास वाफ सोडली की आम्ही समजायचो, चला, कबड्डीचा सराव सुरू. आजही कुणाच्या घरी पेज शिजत असली की माझ्या पोटऱ्या आपोआप ताठ होतात. हसू नका, खरंच होतात.

आम्ही सात जणी होतो. मी प्रणाली, डाव्या कोपऱ्यात पकडीला उभी राहणारी. आणि चढाईला वृषाली मगदूम. जिल्ह्यात तिच्यासारखी चढाई कुणाची नव्हती. हे मी मैत्रीण म्हणून सांगत नाही, पुढे पंधरा वर्षं पंच म्हणून शिट्टी फुंकली त्या अधिकारानं सांगतेय. आमच्याकडे पोरीसुद्धा ‘मी आलो, मी गेलो’ असं बोलतात. वृषाली तर अशा थाटात म्हणायची, “मी जातो आणि तिघींना मारून येतो,” की समोरच्या संघाचे पाय तिथंच लटपटायचे.

तिच्या त्या थाटामागे एक चोरी होती. कबड्डीत चढाई करणारीनं ‘कबड्डी कबड्डी’ एकाच दमात म्हणत राहायचं असतं. मध्ये श्वास घेतला की बाद. वृषालीनं शोधून काढलं की ‘ड्डी’ म्हणताना जीभ टाळूला टेकते आणि पापणी लवेल इतका वेळ आवाज बंद होतो. तेवढ्यात नाकानं चिमूटभर हवा आत घ्यायची. छाती फुगू द्यायची नाही, खांदा उचलायचा नाही, आवाज तर अजिबात नाही. एका चढाईत असे सात-आठ चोरटे श्वास ती घ्यायची आणि पंचाला पत्ता लागत नसे.

मग आम्हीही शिकलो. एकीनं म्हणायचं, दुसरीनं तिच्या पाठीवर तळवा ठेवून उभं राहायचं. कानाला फसवता येतं, पण बरगड्या हलल्या की तळव्याला कळतं. बरगडी जास्त हलली की पाठीत धपाटा. माझा तळवा सगळ्यांत तिखट, असं सगळ्या म्हणायच्या. दोन महिन्यांत सातही जणींना जमलं आणि आम्ही जोतिबाची आण घेतली, हे कुणाला सांगायचं नाही, आवटी सरांनाही नाही.

पुढे ती चोरी खेळापुरती राहिलीच नाही. कॉलेजात तीन जिने चढून गेलो तरी मॅडमसमोर धापा टाकायच्या नाहीत म्हणून तसंच बोलायचो. कुठलंही दाबून म्हणायचं जोडाक्षर आलं की तिथं हवा घ्यायची. वृषालीनं लग्नात उखाणा घेतला तो मारुतीच्या शेपटाएवढा, आणि एका दमात. सासरकडची माणसं चाट पडली. आम्ही सहा जणी मांडवाच्या कोपऱ्यात तोंडात पदर कोंबून उभ्या होतो. इतकं हसू मला नंतरच्या आयुष्यात कधी आलं नाही.

*

पंचगिरीनं पोट भरत नाही. मी लग्नानंतर पुण्याला आले, तिथं ‘करतो-जातो’ सोडून ‘करते-जाते’ शिकले, आणि २०४४ मध्ये एका संशोधन संस्थेची जाहिरात वाचली. श्वास ऐकू येणारी माणसं हवीत, असं त्यात लिहिलं होतं. मला वाटलं कुणीतरी थट्टा करतंय. जाऊन बघितलं तर ती नोकरी जणू माझ्यासाठीच काढलेली.

त्यांचं काम साधं होतं. माणूस बोलतो तो श्वास सोडता सोडता. आत घ्यायचा तर बोलणं क्षणभर थांबवावं लागतं. धडधाकट माणूस सहसा वाक्याच्या शेवटी किंवा निदान अर्थाला धरून थांबतो. पण फुफ्फुसात पाणी साठलं, हृदय थकलं किंवा रक्ताची गुठळी कुठं अडकली, तर शरीर जास्त हवा मागायला लागतं आणि श्वास वाक्य संपायची वाट बघत नाही. ‘मला जरा... पाणी... देतेस का’ असं तुटक बोलणं सुरू होतं. डॉक्टरांना ही खूण जुनीच ठाऊक आहे. ज्याला साधं वाक्य एका दमात पुरं करता येत नाही त्याला आधी दवाखान्यात न्यायचं, चौकशा मागाहून.

यंत्राला हेच शिकवायचं होतं. सहा वर्षं मी कानावर हेडफोन चढवून बसले. हजारो माणसांची बोलणी ऐकली आणि जिथं श्वास तिथं खूण केली. त्या खुणांवरून यंत्र ऐकायला शिकलं. म्हणजे त्याचा कान हा बराचसा माझाच कान आहे.

यंत्राचं सरकारी नाव श्वासश्रुती. लोकांनी आठवड्यात तिची दमबाई केली. अंगावर पट्टा नको, मनगटावर घड्याळ नको. भिंतीवर वाटीएवढा एक माइक, त्यावर दिवा आणि श्वासांचा आकडा, बस्स. तुम्ही आपलं रोजचं बोलत राहायचं. ती महिनाभर तुमच्या बोलण्याची रीत ऐकून ठेवते, आणि त्यात फरक पडला की हिरवा दिवा पिवळा होतो, फारच पडला तर लाल. लाल झाला की रुग्णवाहिका आपोआप निघते. पहिल्या चार वर्षांत कितीतरी माणसं वाचली. मला तिचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, आजही आहे.

पण त्याबरोबर घराघरांतून एक प्रश्न निघून गेला. पूर्वी कुणी जिना चढून आलं की घरातलं माणूस विचारायचं, अगं, धाप का लागलीय, बस जरा. आता मान वर करून दिवा बघतात. हिरवा आहे ना, मग झालं. २०२१ साली घरोघरी घेतलेले ते बोटाला लावायचे ऑक्सिमीटर कपाटात सेल संपून पडले आणि पाठीवरून हात फिरवणारी माणसंही तशीच कुठंतरी पडली.

आणि मी काय केलं नाही, तेही सांगते. त्या हजारो बोलण्यांत चोरटा श्वास एकही नव्हता. जगात तो ओळखणाऱ्या सात बायका, आणि त्यांतली एक त्या खुर्चीत बसलेली होती. तीन-चारदा मनात आलं की साहेबांना सांगावं. पण आण घेतलेली होती. शिवाय मी स्वतःला समजावलं की आता म्हातारपणी कोण बोलता बोलता श्वास चोरायला बसलंय! मी गप्प राहिले.

*

दर बुधवारी अकरा वाजता वृषालीचा फोन यायचा. गेल्या ऑक्टोबरातल्या बुधवारीही आला. तिच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलून एकोणीस दिवस झाले होते. चढाई करणाऱ्यांचे गुडघे साठी गाठत नाहीत. मी पोह्यांची बशी घेऊन बसले, कारण तिचा फोन म्हणजे तासाची निश्चिंती.

“प्रणे, काल झोपल्या झोपल्या मला काय आठवलं सांगू? मिरजेची फायनल. त्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातल्या उंच पोरीनं माझा घोटा घट्ट धरला होता, आणि तू पलीकडनं बोंबलालीस, वृषे, रेषा इथंच हाय, हात टाक!”

“आणि तू टाकलास.”

“टाकलो की! हे एवढं नख लागलं मध्यरेषेला. पक्की आठवण हाय मला, नखात चुना अडकला होता.”

मी हसले, आणि हसता हसता माझा चमचा बशीत राहिला. ‘पट्ट्यापट्ट्यांच्या’ म्हणताना तिनं हवा घेतली होती. ‘घट्ट’ला घेतली होती. ‘पक्की’लाही. गेली कित्येक वर्षं सवयीनं तिचा एखादा चोरटा श्वास जायचा, मला ते ऐकून बरंसुद्धा वाटायचं. पण दोन वाक्यांत तीन हा हिशेब मिरजेच्या फायनलमधला होता, अंथरुणावर बसून फोनवर बोलतानाचा नव्हता.

“वृषे, तू श्वास चोरालीस.” माझ्या तोंडून पुणं गळून पडलं.

“चल गं. सवय हाय ती. म्हातारपणी जाईल व्हय?”

“सवयीचा वेगळा. आत्ता मी मोजले.”

“दिवा बघ की माझा, हिरवागार हाय. तुझीच दमबाई. तुझा तुझ्यावर इस्वास न्हाई काय?”

“सकाळपासनं काय झालंय ते सांग.”

“काय न्हाई. मोरीतनं आलो वॉकर धरून, आणि एकदम जरा...” ती थांबली. तिथं येणारं वाक्य कोणतं, ते मला माहीत होतं, आणि ते ती बोलणार नाही हेही. “जरा भिंत धरून उभारलो.”

“दुखतंय कुठं?”

“उजव्या बरगडीत टोचतंय, मोठा श्वास घेतला की. काल वाटाण्याची उसळ केली होती. गॅस असणार.”

“आणि पोटरी? ऑपरेशनच्या पायाची?”

“सुजलीय. ऑपरेशन झालंय, सुजणारच की बाई.”

दमबाईच्या नियमांत पहिलाच नियम असा आहे की दिव्याचा रंग कोणताही असो, माणसानं स्वतःच्या तोंडानं ‘मला दम लागतोय’ म्हटलं की तिनं वाद घालायचा नाही, लगेच १०८ला कळवायचं. मी म्हटलं, “वृषे, एकच वाक्य म्हण. मला दम लागतोय.”

“लागला नसताना कशाला म्हणू? पाच फेऱ्या मारायला लावशील.”

ती चेष्टा करत होती, पण मला तिची भीती कळली. ही बाई कोरोनात तीन दिवस ऑक्सिजनवर होती, तेव्हाही नर्सला म्हणाली होती की जरा कंटाळा आलाय. बाळंतपणातही ते वाक्य तिनं उच्चारलं नव्हतं. त्या मैदानानं आम्हाला जे दिलं त्यावर मी आयुष्यभर माया केली. त्या सकाळी पहिल्यांदा मला त्या मैदानाचा राग आला.

“अन्विता हाय का घरात?”

“हाय वर. साड्यांची डिझाइनं काढालीय.” मग तिनं हाक मारली, “अन्विता!” त्यापुढे तिला काही जोडता आलं नाही.

अन्विता ही तिची सून. मुलगा कामासाठी सुरतला असतो, घरात या दोघीच. तिची पावलं जिन्यावर वाजली.

“नमस्कार मावशी. आई ठीक आहेत, मी आत्ताच दिवा बघितला. मिनिटाला सोळा श्वास दाखवतोय.”

“अन्विता, मी सांगते तसं कर. आईच्या पाठीवर तळवा ठेव, खांद्याच्या पात्याखाली. घड्याळात एक मिनिट लाव आणि बरगड्या किती वेळा वर येतात ते मोज. वृषे, तू तोंड उघडायचं नाहीस.”

“मावशी, पण दिवा...”

“दिवा मी बनवलाय. मी सांगतेय, हात ठेव.”

मिनिटभर फोनमधून काही आवाज आला नाही. त्या घरात येऊन तिला चार वर्षं झाली होती. सासू-सुनेचं वाकडं काही नव्हतं, पण सासूच्या पाठीला तिचा हात त्या दिवशी पहिल्यांदा लागला, असं तिनंच मला मागाहून सांगितलं.

“मावशी.” तिचा आवाज पार बदलला होता. “छत्तीस. एखाददुसरा चुकला असेल, पण सोळा नक्कीच नाहीत. आणि आईंचे ओठ नेहमीसारखे दिसत नाहीत, निळसर दिसतायत.”

“१०८ला फोन लाव, आत्ताच्या आत्ता. सांग, एकोणीस दिवसांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पोटरी सुजलीय, सकाळी अचानक दम लागायला लागला, बरगडीत टोचतंय, मिनिटाला छत्तीस श्वास. ओठ निळसर आहेत हेही सांग.”

“मीच गाडीनं नेऊ का? दहा मिनिटांत पोचू.”

“नको. वाटेत ऑक्सिजन लागला तर काय करशील? तिला बसवून ठेव, आडवी करू नकोस. एक पाऊल चालवू नकोस. खायला-प्यायला काही देऊ नकोस. दार उघडं ठेव.”

तिनं दुसऱ्या फोनवरून १०८ लावला. पलीकडच्या बाईनं एवढं ऐकून घेतलं आणि म्हणाली, गाडी निघाली, फोन ठेवू नका. दिव्याचा रंग तिनं विचारलासुद्धा नाही.

ती गाडी यायला नऊ मिनिटं लागली. मी पुण्यात, अडीचशे किलोमीटर लांब, गार पोह्यांची बशी समोर घेऊन बसलेली. मी वृषालीला म्हटलं, बोलू नकोस, मी बोलतो, तू नुसतं ऐक. आणि मी तिला तीच फायनल सांगत राहिले. सायझिंगची वाफ सांगितली, मैदानावरची लाल माती सांगितली, जिंकल्यावर आवटी सरांनी सगळ्यांना खायला घातलेली मिसळ सांगितली, तिनं माझ्या वाटीतला कट पळवला होता तोही सांगितला. मध्येच अन्विता म्हणाली, “मावशी, हात मी काढलेला नाही.”

मग वृषालीचा आवाज आला. त्यात कुठलीही चोरी नव्हती. प्रत्येक शब्दामागे उघडा, मोठा, ऐकू येणारा श्वास होता.

“प्रणे... लागलाय गं... मला... दम लागलाय.”

अन्विता म्हणाली की भिंतीवरचा दिवा तेव्हा कुठं लाल झाला.

*

पायाच्या शिरेत धरलेली रक्ताची गुठळी सुटून फुफ्फुसात अडकली होती. मोठ्या ऑपरेशननंतर किंवा फार दिवस पडून राहिल्यावर असं होऊ शकतं. डॉक्टर बाई तरुण होत्या, स्पष्ट बोलत होत्या. “गॅस समजून त्या दुपारी झोपल्या असत्या तर उठल्या नसत्या. दम असा एकाएकी लागला, सोबत छातीत दुखलं, ओठ निळे दिसले, की घरी बसून कारण शोधत बसायचं नाही.”

तिसऱ्या दिवशी तिला साध्या वॉर्डात आणलं. मी पुण्याहून येऊन तिच्याजवळ स्टुलावर बसले होते. अन्विता दर अर्ध्या तासानं येऊन सासूच्या पाठीवर हात ठेवून जायची.

“ह्या पोरीला तू काय शिकवून ठेवलंस?” वृषाली कुरकुरली. “मला नीट पाठ टेकू देत न्हाई.” पण अन्विता आली की ती स्वतःच पुढे वाकायची.

दोघीच उरलो तेव्हा तिनं विचारलं, “यंत्राला कळलं न्हाई ते आपल्यामुळं न्हवं?”

“माझ्यामुळं. मला ठाऊक होतं. मी सांगितलं न्हाई.”

“मग आता सांग. जोतिबाचं मी बघतो.”

“कालच सांगितलं. ते आपले आवाज मागालेत. चोरटे श्वास शिकवायचे तिला. पुढच्या आठवड्यात घरोघर सूचना जाईल, की असं असं आढळलंय, नुसत्या दिव्यावर विसंबू नका.”

“आणि आपल्या पोरी?”

“चौघींना फोन केले. चौघीही बऱ्या हाईत. सगळ्यांकडनं ते वाक्य एकदा म्हणून घेतलं.”

तिला हसू आलं. मग ती बोटांवर मोजायला लागली आणि चारवर थांबली. सातांतून आम्ही दोघी वजा केल्या की पाच उरतात, चार नाही. तिनं नाव घेतलं नाही, मीही घेतलं नाही. मग ती म्हणाली, “दाजींना बातम्यांत कळायला नको, प्रणे. तू जाऊन सांग.”

*

ऐश्वर्या आमची उजव्या कोपऱ्यातली. माझ्यासमोरचा कोपरा. चढाईवाली आत आली की आम्ही दोघी एकमेकींच्या डोळ्यांकडे बघून पकड ठरवायचो. वृषालीच्या दुखण्याच्या चौदा महिने आधी कुरुंदवाडला ती राहत्या घरी गेली. आदल्या आठवड्यात लेकीकडून लांबचा प्रवास करून आली होती. दिवा शेवटपर्यंत हिरवा होता. हृदय एकदम थांबलं असणार, असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. तिच्या नवऱ्यानं, बसवराजदाजींनी, तिचा आवाज मागितला होता. दमबाईनं साठवलेलं शेवटच्या दिवसाचं बोलणं मी संस्थेतून परवानगी काढून त्यांना दिलं. देण्याआधी ते ऐकायचा मला धीर झाला नव्हता.

मी गेले तेव्हा ते घराच्या पुढच्या सोप्यात बसून शेंगा फोडत होते. निवृत्त शिक्षक, भूगोलाचे. मला बघून त्यांना आनंद झाला आणि मला अपराध्यासारखं वाटलं.

“बरं झालं आलात, ताई. बसा. हिचं लावतो, तुम्ही कधी ऐकलंच नाही.”

मी नको म्हणायच्या आत त्यांनी लावलं.

“अहो, भाजीवाला आलाय काय बघा की,” ऐश्वर्या म्हणाली. “आणि कोथिंबीर जास्तीची मागून घ्या, कालच्या जुडीतली निम्मी कच्ची पिवळीच निघाली.”

तो आवाज ऐकून माझे डोळे भरून आले. एकोणीस वर्षांची, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली ऐशू समोर उभी राहिली. आणि त्याच वेळी माझा कान आपलं काम करत होता. ‘जास्तीची’ला एक. ‘निम्मी’ला एक. ‘कच्ची’ला एक.

“रोज संध्याकाळी ऐकतो,” दाजी म्हणाले. “किती निवांत बोलतेय बघा. काही त्रास नव्हता हो तिला. गेली, पण सुखानं गेली, एवढंच एक समाधान आहे मला.”

मी हा प्रवास सांगण्यासाठीच केला होता. तरी त्या क्षणी वाटलं, उठावं, पाणी प्यावं, आणि एसटी धरावी. बातम्यांत कळेल ते कळेल.

“नाही, दाजी,” मी म्हणाले. “तिला त्रास होत होता.”

आणि मी सगळं सांगितलं. मैदान, चोरी, आण, माझी नोकरी, वृषाली. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“दिवसभर?” शेवटी त्यांनी विचारलं.

“सुरुवातीपासूनच आहे. म्हणजे सकाळपासून.”

“मी इथंच होतो. समोर. दोन-तीनदा ती नुसती बघत बसली माझ्याकडे, तेव्हा मी वर दिवा बघितला.” त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला, पण परत डोळ्यावर चढवला नाही. “पूर्वी मी विचारायचो. नदीवरनं घाट चढून आलो की विचारायचो, बसूया का जरा.”

“चूक तुमची नाही. मी आठ वर्षांपूर्वी तोंड उघडलं असतं तर दिवा बोलला असता.”

“हो,” ते म्हणाले. मला माफ केलंय असं ते म्हणाले नाहीत, आणि मला तशी आशाही नव्हती. “तुम्ही आता जा, ताई.”

मी पायऱ्यांपर्यंत गेले. चपला घालत होते तेव्हा मागून आवाज आला.

“थांबा. ते श्वास मला ऐकू येत नाहीत. तुम्हाला येतात.”

“दाजी, नका ऐकू. आहे तशी राहू दे तिची आठवण.”

“चौदा महिने मी ऐकतोय, आणि ती काय सांगतेय ते मला एकदाही कळलं नाही. मला शिकवा.”

मी परत येऊन त्यांच्याशेजारी चटईवर बसले. त्यांनी बोलणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. जिथं जिथं ऐश्वर्यानं श्वास चोरला तिथं तिथं मी बोट वर करत गेले. भाजीवाल्यापाशी, नातवाच्या फोनपाशी, दुधापाशी. तेवढं तेवढं ते मागं नेऊन पुन्हा ऐकायचे, मान हलवायचे, ऐकू न आल्याची खूण करायचे, परत लावायचे. ऊन सोप्यातून अंगणात उतरलं. मी दोनदा विचारलं की थांबूया का, त्यांनी नाही म्हटलं.

शेवटी दुपारचं बोलणं आलं. तिथं तिची वाक्यं आखूड झाली होती.

“अहो, ऐकता का जरा,” ऐश्वर्या म्हणाली. “इथं बसा की थोडं. एकच्च मिनिट.”

माझं बोट उचलायच्या आधी दाजींचं बोट वर गेलं.